डेलियाबाई मैदानात उतरल्या

शनिवारी रात्री आमच्याकडे जेवणं आठच्या आत उरकावी लागतात. साडेआठला तिकडे इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने सुरू होतात (त्यांच्या उन्हाळ्यात तर साडेसातलाच!) आणि मग आमचे 'हे' आणि धाकटे चिरंजीव यांना ताटात आमटी वाढली की ताक, याचीही शुद्ध राहत नाही. कोण जिंकतंय म्हणून मी विचारलंच, तर "आई, तुला नाही कळायचं" हे ठरलेलं उत्तर. मग मी आपली शेंगा सोलत त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत बसते. सामन्यापेक्षा चेहऱ्यांतच जास्त गंमत असते, हे माझं गुपित!

मागे एकदा मात्र चिरंजिवांनीच स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, पटकन ये, तुझ्या खात्यातली बाई आहे!" हात पुसत बाहेर आले. पाहते तो एक जुनी चित्रफीत चालू होती. रात्रीची वेळ, दिव्यांनी उजळलेलं मैदान, चारी बाजूंना हजारो माणसं, आणि मैदानात हातात मायक्रोफोन घेऊन उभी असलेली एक साठी उलटलेली बाई. आवाज फाटलेला, पण पोटतिडकीचा. जगातल्या सर्वांत चांगल्या पाठीराख्यांना माझा निरोप आहे, ती सांगत होती, आम्हाला बारावा गडी हवा आहे. आणि मग एकदम, "कुठे आहात तुम्ही? कुठे आहात? चला, येऊ द्या की पुढे!"

"अगंबाई, ही कोण?"

"डेलिया स्मिथ. स्वयंपाकाची पुस्तकं लिहिते."

झालं! भाजी गॅसवर तशीच सोडून मी खाली बसले. ती करपली, हे वेगळं सांगायला नकोच.

अंडं उकडायला शिकवणारी

आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' जसं लग्न झालेल्या मुलीच्या सामानात जातं, तसं तिकडे डेलिया स्मिथचं पुस्तक जातं, असं म्हटलं म्हणजे कल्पना येईल. बाईंचा जन्म १९४१ चा. सोळाव्या वर्षी कुठलीही परीक्षा पदरात न पाडता शाळा सुटली. केशकर्तनालयात उमेदवारी करून झाली, एकविसाव्या वर्षी लंडनच्या एका छोट्या उपाहारगृहात भांडी विसळण्यापासून सुरुवात केली, आणि तिथून वर्तमानपत्रातलं सदर, पुस्तकं, दूरदर्शनवरचे कार्यक्रम असं करत करत घराघरांत पोचली. (रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या वाद्यवृंदाच्या १९६९ च्या 'लेट इट ब्लीड' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जो केक दिसतो, तोही हिनेच भाजलेला!) १९९८ मध्ये तिने दूरदर्शनवर अंडं कसं उकडावं इथपासून शिकवायला घेतलं, तेव्हा मोठमोठ्या आचाऱ्यांनी नाकं मुरडली. पण नव्याने चूल मांडणाऱ्यांना तेच तर हवं असतं! तिने एखाद्या जिन्नसाचं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी दुकानात तो मिळेनासा व्हायचा. शेवटी २००१ मध्ये 'डेलिया' हा शब्दच एका इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला.

आता या बाईचा फुटबॉलशी संबंध काय? संबंध तोच, जो तुमचा-माझा आहे. नवरा! मायकेल विन-जोन्स हा संपादक माणूस नॉरिच सिटी या क्लबाचा कट्टर भक्त. १९७१ मध्ये लग्न झालं आणि बाई नवऱ्याबरोबर सामन्यांना जाऊ लागल्या. आपण जसं पहिल्या वर्षी हौसेने क्रिकेटला बसतो आणि दुसऱ्या वर्षी विणकाम घेऊन बसतो, तसं काही त्यांचं झालं नाही. त्या नवऱ्यापेक्षाही जास्त गुंतल्या. घर सफक परगण्यात, म्हणजे नॉरिचचा हाडवैरी जो इप्स्विच त्याच्या मुलुखात, आणि जीव मात्र शेजारच्या नॉरफकमध्ये!

नॉरिच हे इंग्लंडच्या पूर्व टोकाचं जुनं शहर. सोळाव्या शतकात तिथे परदेशातून आश्रयाला आलेल्या विणकरांनी आपल्याबरोबर कॅनरी पक्षी आणले, ते पाळायचा नाद शहराला लागला, म्हणून क्लबाचं टोपणनाव कॅनरी आणि अंगरखा पिवळाधमक. मैदानाचं नाव कॅरो रोड. १९३५ मध्ये ते बांधलं गेलं तेव्हा ती जागा कोलमन या मोहरीवाल्या कंपनीची होती. होय, तीच ती मोहरीची पूड!

१९९५ मध्ये हा क्लब सर्वांत वरच्या श्रेणीतून खाली घसरला. पैशाची ओढाताण, लोक रस्त्यावर येऊन अध्यक्षांविरुद्ध घोषणा देताहेत, अशी अवस्था. १९९६ च्या शेवटी डेलिया आणि मायकेल संचालक मंडळावर आले आणि पुढे बहुसंख्य भागांचे मालक झाले. पुस्तकांतून मिळवलेला पैसा त्यांनी यात घातला. दोघं मिळून एका क्लबाचा संसार करू लागले म्हणा ना.

वर चढणं एक, टिकणं एक

ज्यांना या खेळातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रीमियर लीग हा तिकडचा वरचा वर्ग. त्यात वीस संघ. प्रत्येक जण इतर एकोणीस जणांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या दारी खेळतो. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. मे महिन्यात हिशेब होतो आणि तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलले जातात. तिथले तीन वर येतात. वरच्या वर्गात दूरदर्शनचा पैसा अफाट, खालच्यात त्या मानाने फुटाणे. म्हणजे नुसतं नापास होणं नव्हे, घराचं उत्पन्नच एका दिवसात कोसळतं.

२००४ च्या वसंतात नॉरिचने खालच्या वर्गात पहिला नंबर काढला, तोही ९४ गुण मिळवून. नऊ वर्षांनी वरचं दार उघडलं. गावात काय आनंद झाला असेल! पण वर गेल्यावर लक्षात येतं, की इथली प्रत्येक वस्तू तिप्पट भावाची आहे. लग्नानंतर चाळीतून एकदम बंगल्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या बाईला विचारा. घर मिळालं, पण पडदे, गालिचा, शेजारणींच्या भिशीचा हप्ता? नॉरिचने पदर खोचून, पण जपून खर्च केला.

आणि पहिला विजय मिळायला नोव्हेंबर उजाडला. ऑगस्टपासून तेरा सामने झाले, एकही जिंकला नव्हता. चौदाव्याला सौदॅम्प्टनला २–१ हरवलं तेव्हा कुठे खातं उघडलं. त्यातून परगावचे सामने! नॉरिच पडलं नकाशाच्या कडेला. न्यूकॅसल, मँचेस्टर, लिव्हरपूल, कुठेही जायचं तर चार-पाच तासांचा रस्ता. पहाटे उठून डबे भरायचे, गळ्यात पिवळा मफलर, पोरांना लोकरीच्या टोप्या, आणि रात्री उशिरा त्याच रस्त्याने तोंड पाडून परत. त्या हंगामात असे एकोणीस परगावचे सामने झाले. एकोणिसांपैकी एकही नॉरिचने जिंकला नाही. एकसुद्धा नाही!

पाठीराख्यांची जी तगमग होते ना, तिची जात मला त्या आकड्यावरून कळली. संघ अगदीच रद्दड असता तर माणसं हसून सोडून देतात. नॉरिच रद्दड नव्हता. बरोबऱ्या खूप व्हायच्या, आघाडी घेऊन घालवली जायची. साडी अगदी पसंत पडावी, दुकानदाराने घडी मोडून खांद्यावर टाकावी आणि पर्समध्ये पन्नास रुपये कमी निघावेत, तसं दर आठवड्याला. जानेवारी २००५ मध्ये क्लबाने हात जरा सैल सोडला आणि डीन ॲश्टन हा तरणाबांड गोल करणारा गडी सुमारे तीस लाख पौंडांना घेतला. त्यांच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी खरेदी. पुन्हा आशा!

ती पंधरा मिनिटं

२८ फेब्रुवारी २००५, सोमवार. मँचेस्टर सिटीविरुद्ध सामना, देशभर थेट प्रक्षेपण. पहिल्या वीस मिनिटांच्या आत नॉरिचचे दोन गोल झाले, ॲश्टनचा एक आणि मॅकेंझीचा एक. मैदान नुसतं उसळलं असेल. आणि मध्यंतरापर्यंत सिटीने दोन्ही फेडले. २–२. दुधावर साय धरावी आणि पातेलं कलंडावं, तसं. लोक गप्प झाले.

ही जी गप्पागप्प आहे, ती डेलियाबाईंना सहन झाली नाही. माणसं चिडली, ओरडली तर निदान अजून त्यांना वाटतंय असं तरी कळतं. घरातसुद्धा भांडण परवडतं, पण अबोला नको, असं आपण म्हणतोच की! बाई उठल्या, खाली उतरल्या, मायक्रोफोन हातात घेतला आणि मैदानात शिरल्या. पुढचं तुम्ही वर वाचलंच. "लेट्स बी हॅव्हिंग यू" हे त्यांचे शब्द. कारखान्यातला मुकादम किंवा गल्लीतला पोलीस ज्या सुरात "चला, या पुढे" म्हणतो, त्या सुरातले.

दुसऱ्या दिवशी साऱ्या देशात तोच विषय. बाईंनी घेतली होती का? असं उघड उघड विचारलं गेलं. त्यांनी साफ नाकारलं. मला या प्रश्नाचाच राग आला. एखादा पुरुष मालक असा ओरडला असता तर 'काय जिद्द!' म्हणून अग्रलेख आले असते. बाई ओरडली, तर तिच्या पेल्यात काय होतं याची चौकशी! दुसऱ्या संघांचे पाठीराखे तेच शब्द ओरडून नॉरिचवाल्यांना खिजवू लागले. खुद्द नॉरिचच्या माणसांना काय वाटलं असेल? लाज वाटली असणार, आणि लळाही. आपली आई शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांदेखत जोरात हाक मारते तेव्हा वाटतं तसं. पण माझ्या मते त्यात एक बोचरी गोष्टही होती. थंडीत, पदरचे पैसे मोडून, सहा महिने हार बघत बसलेल्या माणसांना तुम्ही विचारता, कुठे आहात? अहो, इथेच तर आहोत! तेरा सामने कोरडे गेले तेव्हाही इथेच होतो. गोल अडवायचं काम आमचं नाही.

सामना नॉरिच हरला. नव्वदाव्या मिनिटाच्या सुमाराला सिटीच्या रॉबी फाउलरने गोल केला, ३–२.

सहा गोल

हरला म्हणून संपलं असतं तर बरं. पण एप्रिलमध्ये या संघाला जाग आली. ९ एप्रिलला त्यांनी मँचेस्टर युनायटेडसारख्या बलाढ्य संघाला २–० असं लोळवलं. मग न्यूकॅसल, चार्लटन, मे महिन्यात बर्मिंगहॅम, घरच्या मैदानावर एकामागून एक जिंकत गेले. तळाला रुतलेला संघ शेवटच्या दिवसाच्या सकाळी सतराव्या क्रमांकावर होता, म्हणजे वाचलेल्यांत शेवटचा. नॉरिच ३३ गुण, सौदॅम्प्टन आणि क्रिस्टल पॅलेस ३२, वेस्ट ब्रॉम ३१. चौघांपैकी एकच राहणार. फक्त नॉरिचच्या हातात स्वतःचं नशीब होतं. जिंकले की संपलं, दुसऱ्याकडे बघायला नको.

सामना लंडनला, फुलमशी. म्हणजे परगावी. आणि परगावी ते वर्षभर जिंकले नव्हते.

१५ मे २००५. फुलमने सहा गोल केले, नॉरिचने शून्य. त्याच वेळी वेस्ट ब्रॉम आपला सामना जिंकून ३४ गुणांवर गेला आणि वाचला. नॉरिच एकोणिसावा.

चिरंजिवांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एका गोलाने हरले असते तर? तो म्हणाला, "तर जास्त वाईट वाटलं असतं ना." मला नाही पटलं. एका गोलाने हरलेल्याला निदान पंचाला, वाऱ्याला, नशिबाला बोल लावता येतो. सहा गोलांनंतर घरी जाताना गाडीत काय बोलायचं? पिवळे मफलर घालून लंडनला गेलेली माणसं त्या संध्याकाळी परत दोन-तीन तासांचा रस्ता तुडवत नॉरफकला गेली.

पुढचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडे पगार कमी झाल्यावर जे होतं तेच. खाली गेलेल्या क्लबांना त्या काळी दोन वर्षं थोडी मदत मिळायची, पण ती किती पुरणार? जानेवारी २००६ मध्ये तो ॲश्टन वेस्ट हॅमला सुमारे सत्तर लाखांना विकला. दुप्पट भाव आला खरा. पण अडचणीत पाटल्या मोडल्यावर भाव चांगला आला म्हणून कोण पेढे वाटतं?

रागवायचं कोणावर?

खरा पेच इथेच आहे, आणि मला वाटतं तो आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर कळेल. मालक लुच्चा असेल तर सोपं असतं. दगड मारा, घोषणा द्या, मोकळे व्हा. इथे मालकीण आपल्यातलीच. स्वतःची कमाई ओतणारी, दर सामन्याला हजर, संघ हरला की आपल्यासारखीच रडवेली होणारी. तिच्यावर कसं रागवायचं? आणि तरीही मनात येतंच, की बाई, तुमचं प्रेम आहे, पण प्रेमाने बचाव फळी येत नाही. दुसरा कोणी मोठा पैसेवाला येऊ द्या.

मोठ्या पैशाचं, म्हणजे उसन्या पैशाचं, काय होतं याचंही उदाहरण डोळ्यांसमोर होतं. लीड्स युनायटेडने पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर बेसुमार कर्ज काढलं, काही वर्षं थाटात काढली, आणि २००४ मध्ये, म्हणजे नॉरिच वर आला त्याच साली, ते खाली कोसळले. २००७ मध्ये आणखी खाली. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला हसावं, की कर्ज काढून गादी घेणाऱ्याला? नॉरिचच्या पाठीराख्यांत यावरून दोन तट पडले आणि ते वर्षानुवर्षं राहिले. मी स्वतः डेलियाबाईंच्या बाजूची, पण माझ्या घरचा कोणी दर शनिवारी तिथे जाऊन बसत नाही, हेही खरं.

खुद्द नॉरिचही २००९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. १९६० नंतर असं प्रथमच घडलं. ऑगस्टमधल्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर कोल्चेस्टरकडून १–७ हार झाली. दोघा जणांनी मैदानात धावत जाऊन आपली वर्षाची तिकिटं व्यवस्थापकाच्या अंगावर फेकली. हा व्यवस्थापक ब्रायन गन, एके काळचा त्यांचाच लाडका गोलरक्षक! आठवडाभरात त्याची नोकरी गेली. आणि त्याच वर्षी, तिसऱ्या श्रेणीत, कॅरो रोडवर सरासरी वीस हजारांहून जास्त माणसं येत होती. तिकीट फेकायचं आणि पुढच्या सामन्याला पुन्हा यायचं. आमच्या ओळखीत एक आजोबा होते, जेवणावर रुसून ताट सरकवायचे आणि दहा मिनिटांनी "भात आहे का?" म्हणून विचारायचे. त्यांची आठवण झाली.

नंतर लागोपाठ दोन वर्षं वर चढत क्लब २०११ मध्ये पुन्हा प्रीमियर लीगमध्ये आला. २०१४ ला घसरला, २०१५ ला चढला, २०१६ ला घसरला, २०१९ ला चढला. पाळणाच तो! २०१९ च्या सप्टेंबरात त्यांनी गतविजेत्या मँचेस्टर सिटीला ३–२ हरवलं आणि सारं गाव हुरळलं. पण खेळाडूंवर खर्च जेमतेमच केलेला. मग महासाथ आली, सामने थांबले आणि जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर सुरू झाले. नॉरिच त्यानंतरचे लीगचे नऊच्या नऊ सामने हरला आणि २१ गुणांवर, तळाला राहून खाली गेला. "कुठे आहात तुम्ही?" म्हणून विचारायलाही कोणी नव्हतं. नुसत्या खुर्च्या. पाठीराखे आपापल्या घरी पडद्यासमोर, ओरडले तरी ऐकणार कोण? २०२१ मध्ये पुन्हा वर, २०२२ मध्ये २२ गुण घेऊन पुन्हा खाली. प्रीमियर लीगमधून घसरायची ती सहावी खेप.

२०१६ मध्ये बाई म्हणाल्या होत्या, की आम्ही क्लब विकणार नाही, भाच्याच्या हाती देऊ. पण २०२४ च्या ऑक्टोबरात बहुसंख्य भाग अमेरिकेतल्या मार्क अटानासिओ यांच्या गटाकडे गेले आणि डेलिया व मायकेल संचालक मंडळावरून उतरले. बाईंचं वय त्र्याऐंशी, मंडळावर आल्याला अठ्ठावीस वर्षं होत आलेली. मोठा पैसा हवा म्हणणाऱ्यांची इच्छा एकदाची पुरी झाली.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी चिरंजिवांना ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. या वेळी मी बाईंकडे नाही, मागच्या लोकांकडे बघत होते. कोणी हसतंय, कोणी टाळ्या वाजवतंय, बरेचसे नुसतेच बघताहेत.

"आई, तू असतीस तर अशी ओरडली असतीस सगळ्यांदेखत?" चिरंजिवांनी विचारलं.

"तुझ्या बारावीच्या सहामाहीनंतर काय केलं होतं मग?" मी म्हटलं. 'हे' पेपराआड हसले, आणि मी करपलेलं पातेलं घासायला आत गेले.